बिनकुलपाच्या गावात उमेदवारी

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला धाडसी वगैरे म्हणायला नको. ओल्या हातानं विजेचं बटण दाबायची भीती, विहिरीत डोकावायची भीती, गर्दीत लेकीचा हात सुटेल याची भीती. झुरळ दिसलं की मी पलंगावर आणि नवरा हसत हसत झाडू घेऊन खाली, असा आमचा संसार. अशा बाईनं लोकांना त्यांच्या मरणाबद्दल तोंडावर विचारायचं काम धरलं, हे ऐकून माझी आई म्हणाली, "तुला दुसरं काईच मिळालं न्हाई का गं?"

काम म्हणजे तेव्हा ती धड नोकरीही नव्हती. उमेदवारी होती. शिंप्याच्या हाताखाली आधी काजं करायची, मग बाह्या जोडायच्या, कात्री हातात यायची ती सगळ्यात शेवटी, तसाच प्रकार. मनाच्या आजाराचा डॉक्टर गाठायचा तर आमच्याकडच्या माणसाला नगर गाठावं लागतं. कागदावर अहिल्यानगर झालं तरी एसटीत कंडक्टरला आम्ही नगरच सांगतो. तिथं रांग असते, आणि त्या रांगेत उभं राहायलासुद्धा आधी कुणीतरी त्या माणसाला घरातून उठवून न्यावं लागतं. ते उठवून नेणारं माणूसच कुठं नव्हतं. म्हणून एका संस्थेनं ठरवलं की डॉक्टर तयार व्हायचे तेव्हा होतील, तोवर गावातल्या बारावी झालेल्या बायका घ्यायच्या, त्यांना जुन्या जाणत्या माणसाच्या हाताखाली घालायचं आणि काम करता करता शिकवायचं. विद्यावेतन मिळणार होतं, घराजवळ काम होतं. मला वाटलं, चार बायकांशी गोड बोलायचं, त्यात भिण्यासारखं काय आहे.

पहिल्याच महिन्यात आमच्यातली खर्ड्याकडची एक जण सोडून गेली. तिच्या बोलण्यात थोडा मराठवाडा होता, आम्ही तिची चेष्टा करायचो आणि ती आमची. जाताना मात्र चेष्टा नव्हती. "मला लोकांचं ऐकून झोप लागंना," एवढंच म्हणाली. तिच्या जागी कुणी यायला फार दिवस गेले. अशा कामाला माणूस मिळत नाही आणि मिळालं तर टिकत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मला ज्यांच्या हाताखाली घातलं होतं त्यांना आम्ही मोठ्या ताई म्हणायचो. राहात्याच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी करून मग या कामात आलेल्या. अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत. शिकवायची त्यांची स्वतःची एक रीत होती. सुरुवातीचे काही महिने मी फक्त चटई उचलायची. त्या बोलणार, मी शेजारी गप्प बसून ऐकणार. मान हलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यायचं पण पुसायला पदर नाचवायचा नाही. त्यानंतरचे काही महिने उलटं. मी बोलणार आणि त्या माझ्या पाठीमागं भिंतीला टेकून बसणार. समोर नाही, शेजारी नाही, पाठीमागंच. मी वळून बघितलं की त्या छताकडं बघायच्या.

"समोर बसले तर तू माझ्याकडं बघून बोलशील," त्या म्हणायच्या. "माणूस तुझ्यापुढं आहे. त्याच्याकडं बघ."

पाठीमागं कुणीतरी आहे एवढ्या आधारावर मी तोंड उघडायला शिकले. फक्त एका प्रश्नापाशी माझी जीभ अडायची.

तो प्रश्न सरळ विचारायचा, असा ताईंचा नियम होता. स्वतःचा जीव द्यावा असं मनात येतं का? हेच शब्द, असेच. मी सरावाला बसले की म्हणायची, "मनात तसलं काही येतं का?" ताई म्हणायच्या, "तसलं म्हणजे कसलं? डोहाळे?" मी पुन्हा म्हणायची, "वाईट विचार येतात का?" ताई म्हणायच्या, "मला तुझ्याबद्दल आत्ताच येतायत." सगळ्या हसायच्या. मला मात्र घाम फुटायचा. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे मी आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आलेली. आपण विचारलं आणि त्या माणसाच्या मनात नसलेलं भरलं तर? ताई सांगायच्या, तसं होत नाही, विचारलं की माणसाला उलट हायसं वाटतं. ताई सांगतात म्हणजे खरंच असणार. पण माझी भीती काही जात नव्हती.

एकदा भाकरी थापता थापता मी भिंतीला विचारून सराव करत होते. नवरा मागनं आला आणि त्यानं ते ऐकलं. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तो मला धरून उभा राहिला आणि "काय झालं, मला सांग, काय झालं" एवढंच म्हणत राहिला. पुढं आम्ही त्यावर हसलो, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

शिंगणापूरचं ते घर माझ्या वाट्याला आलं ते अशा दिवसांत.

आमचं घोडेगाव तिथून जवळच. लहानपणापासून दर शनिवारी भाविकांच्या गाड्या आमच्या फाट्यावरनं वळताना बघितलेल्या. गावातल्या घरांना दारं नसतात, याचं बाहेरच्यांना अप्रूप वाटतं. आम्हाला कधी वाटलं नाही. चौकट असते, तिला पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी लावलेली असते. राखायला देव आहे, कुलूप लावलं तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं मानतात. कामासाठी पहिल्यांदा त्या गावात गेले तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं की इथं खाजगी असं काही बोलायला जागाच नाही. शेजारच्या घरातलं पातेलं खाली ठेवलेलं इथं ऐकू येत होतं.

घरातली सून चाळिशीची असेल. देवळाच्या वाटेवर तेलाचा आणि रुईच्या हारांचा छोटा गाळा चालवायची. सासूनं गावातल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे आशाताईंना सांगितलं होतं की सून झोपत नाही, खात नाही, बोलत नाही, आणि आशाताईंनी आम्हाला. मी त्यांना वहिनी म्हणायला लागले. वहिनी चौकटीपाशी रुईची पानं घेऊन बसल्या होत्या. दोन पानं ओवायच्या आणि मग हार तसाच हातात धरून बसायच्या.

"झोप लागते का वहिनी?"

"न्हाई."

"जेवण?"

"जातं की दोन घास."

पुढचं सगळं सासूच बोलली. "काय कमी हाय हिला? लेक चांगल्या घरी दिली. माझा पोरगा सुपारी खात न्हाई. गाळा चालतोय, कांदा हाय, कपाशी हाय. परवा तर लग्नातला शालू लेकीला देऊन टाकला. घिऊन जा म्हनली, मला काय करायचाय. असं कुटं असतंय व्हय?"

पाठीमागं ताई भिंतीपासून सरळ होऊन बसल्या. ते मला न बघता कळलं. जपून ठेवलेल्या वस्तू कुणी वाटायला लागलं तर कान टवकारायचे, हे त्यांनीच शिकवलेलं होतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, चला, तुमचा कांदा दाखवा आम्हाला."

शेत घराच्या मागंच. बांधावर लिंबाच्या सावलीत मी आणि वहिनी बसलो, ताई माझ्या पाठीमागं. ऊन रखरखत होतं. मी म्हणाले, "वहिनी, मनात काही वाईटसाईट येतं का?"

"न्हाई."

मी सुटकेचा श्वास टाकला. पाठीमागनं ताईंचा आवाज आला, "नीट विचार."

 रान मोकळं होतं, डोक्यावर छप्पर नव्हतं, तरी मला वाटलं की कुणीतरी ऐकतंय आणि तथास्तु म्हणायला टपलंय. मी वहिनींच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "स्वतःचा जीव द्यावा, असं मनात येतं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्या म्हणाल्या, "रोज."

मग बाकीचं विचारावं लागतं. केव्हा येतं, कशानं करायचं मनात येतं. मी विचारलं. वहिनींनी मीठ कुठल्या डब्यात आहे हे सांगावं तशा आवाजात सांगितलं, "फवारनीचं हाय की घरात. चौकटीपाशीच असतंय." एवढं बोलून त्यांनी प्यायला पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायल्या. कितीतरी दिवसांत असं पाणी प्यायल्या नसतील. 

ताईंनी भराभर सगळं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या डॉक्टरांकडं न्यायचं. तोवर सासूनं क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्यांना स्वतःला लगेच दुसऱ्या पेशंटकडं निघायचं होतं. जाताना मला म्हणाल्या, "त्या फवारणीच्या बाटल्यांचा आजच बंदोबस्त कर. पेटीत घालायच्या, कुलूप लावायचं, किल्ली दुसऱ्याकडं."

तेवढे शब्द डोक्यात धरून मी घोडेगावला आले. पत्र्याची पेटी घेतली, चांगलं जाडजूड कुलूप घेतलं, पेटी स्कुटीला बांधली आणि तशीच उलटी फिरले. वाटेत माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. ज्या गावात दारालासुद्धा कुलूप चालत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत, त्या गावात मी कुलूप घेऊन निघाले होते. भीतीनं माणूस किती बधिर होतं ते मी त्या दिवशी स्वतःवरून बघितलं.

सासूनं पेटीकडं एकदा बघितलं आणि ती भांडी लावत राहिली. पिशवीतलं कुलूप फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला तशी ती वळली.

"ह्ये काय?"

"कुलूप, मावशी. त्या बाटल्या..."

"ह्या घरात कुलूप?" तिचा आवाज चढला. "माझ्या सासूनं, तिच्या सासूनं ह्या घरात कुलूप बघितलं न्हाई! देवाच्या नजरंसमोर आमी कुलूप लावायचं? उद्या काय इपरीत झालं म्हंजी?"

"मावशी, विपरीत होऊ नये म्हणूनच..."

"उचल ते! आधी भाईर ने!"

मी खालच्या आवाजात समजावत होते, ती ओरडत होती. रस्त्यावर बायका थांबायला लागल्या. वहिनी आत पडद्याला धरून उभ्या होत्या. आणि माझा तोल गेला. मी ओरडले, "कुलूप नाही लावलं तर सून जाईल तुमची! जीव देईल ती!"

 अडवायला दार नव्हतं, माझे शब्द सरळ रस्त्यावर गेले आणि पलीकडच्या घरात शिरले. बांधावर विश्वासानं मला सांगितलेली गोष्ट मी अख्ख्या आळीला ऐकवली होती. वहिनींनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि त्या पडद्याआड गेल्या. सासूनं पेटी उचलून रस्त्यात ठेवली. "निघ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता निघ."

पेटी आणि कुलूप घेऊन मी निघाले. थोडं पुढं जाऊन स्कुटी थांबवली. मला त्या घरात पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं. बाटल्या होत्या तिथंच होत्या. वहिनींना आता लाजेचं आणखी एक कारण मी दिलं होतं. उद्या सकाळपर्यंत काय होईल, याचा विचार करवेना. मी ताईंना फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ती आत्ता कुठं आहे?"

"घरात."

"बाटल्या?"

"घरातच."

"मग तू रस्त्यावर काय करतेस?"

मी परत गेले. जाताना एकच वाटत होतं की पाय मोडावा, स्कुटी बंद पडावी, काहीतरी व्हावं आणि मला तिथं जावं लागू नये. बिनदाराच्या घरापुढं उभं राहिलं की ठोठावायलाही काही नसतं. मी नुसतीच उभी राहिले. सासूनं बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी वहिनींचे मालक शेतातनं आले. जनावरांसाठी घास घेऊन आलेले, शांत माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं, माझं ओरडणंसुद्धा. त्यांनी डोक्यावरचा भारा उतरवला आणि आत जाऊन बायकोला विचारलं, "खरं हाय का?"

 मग पडद्यामागं वहिनींनी मान हलवली असावी, कारण ते बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिले.

"आये," ते आईला म्हणाले, "कुलूप नको तर नको. पन ह्ये बी घरात नको."

"मंग कुटं ठिवशील?"

खरंच, कुठं ठेवणार? शेजाऱ्यांची घरं तशीच उघडी, शेतातली खोपी त्याहून उघडी. आणि कांद्याला फवारणी तर लागणारच. मी काही विचार न करता बोलून गेले, "माझ्याकडं ठेवा. घोडेगावात आमच्या घराला दार आहे."

त्यांनी घरातलं, खोपीतलं, सगळं पोत्यात भरलं. पोतं गाडीला बांधून ते माझ्या मागोमाग आले. निघताना सासू माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काही बरं बोलेल. ती म्हणाली, "माझ्या सुनंला काय झालं तर तुजं नाव घीन."

घरी गेल्यावर नवऱ्यानं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.  पाहुणा गेल्यावर म्हणाला, "दुसऱ्याचं मरण घरात आणून ठेवलंस तू. आपल्या घरात लेकरू आहे." त्याचं काही चुकत नव्हतं. तरी त्यानंच पेटी माळ्यावर चढवली आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं. किल्ली मी मंगळसूत्रात अडकवली. अंघोळीलाही काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना नगरला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले, दर भेटीला विचारत राहा म्हणाले. मला वाटलं होतं, त्या माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत. गाडीत मी त्यांची माफी मागितली. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज ना उद्या कळनारच हुतं."

पुढचे ते आठवडे मला नकोसे झाले होते. फोन वाजला की आधी शिंगणापूरचाच वाटायचा. मालक फवारणीच्या दिवशी येऊन लागेल तेवढं घेऊन जायचे, उरलेलं त्याच दिवशी परत आणून द्यायचे आणि चहा घ्यायचे. मी पेटी पुन्हा पुन्हा उघडून सगळं जागेवर आहे ना ते बघायची. सासू माझ्याशी बोलत नव्हती. पण तिनं आपलं अंथरूण चौकटीत आडवं घातलं होतं. सुनेला रात्री बाहेर जायचं तर म्हातारीला ओलांडून जावं लागलं असतं. ते बघून माझा तिच्यावरचा राग गेला.

वहिनींना हळूहळू उतार पडायला लागला. हार पुरा व्हायला लागला, जेवण जायला लागलं. ताई म्हणायच्या, अशा वेळी जास्त जप, अंगात ताकद येते आणि मनातला विचार अजून गेलेला नसतो. ऐकून माझ्या उरल्यासुरल्या धिराचं पाणी झालं. मी एक दिवस ताईंना सांगितलं की खर्ड्याकडची गेली तशी मीही जाते, माझ्यानं नाही होणार.

"जा की," ताई म्हणाल्या. "फक्त आधी वहिनींना सांगून ये."

ते सांगायला मी गेले नाही. म्हणून कामावर राहिले, दुसरं काही कारण नव्हतं.

मग ती दुपार. नवरा कामावर, लेक शाळेत. मी ओसरीत शेंगा फोडत बसले होते. फाटक वाजलं म्हणून वर बघितलं तर वहिनी. एकट्या. चपला धुळीनं माखलेल्या, पदर डोक्यावरनं घट्ट ओढलेला. शिंगणापूरहून उन्हातान्हाच्या चालत आल्या होत्या. आमच्या घरी त्या कधीच आल्या नव्हत्या.

"वहिनी! एकट्याच?"

"व्हय. पानी द्या."

पाणी दिलं. अर्धं प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "फवारनीचं द्या. कांद्यावर करपा आलाय. ह्यांनी धाडलंय."

माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. मालक नेहमी स्वतः यायचे, आणि यायच्या आधी फोन करायचे. पण खरंही असेल. करपा काय, येतोच. मी संशय घेतला आणि खरं निघालं तर बाईला पुन्हा एकदा लाजवल्यासारखं होईल. माझ्या डोक्यात एक सोपं खोटं येऊन बसलं. किल्ली नवऱ्याकडं आहे म्हणायचं. त्या निघून जातील, माझी सुटका होईल. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

माझ्या पाठीमागं कुणी नव्हतं. तरी मी वळून बघितलं. मागं भिंत होती, तिच्यावर गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं. मी पुन्हा वहिनींकडं बघितलं.  मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"वहिनी, आज स्वतःचा जीव द्यावा, असं मनात येतंय का?"

 त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"येतंय," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं लई येतंय."

"मग इथं का..." मला पुढं बोलवेना.

"फाट्यावर दुकान हाय की फवारनीचं. त्याच्याच म्होरनं आले." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तिथं पैशे टाकलं की देत्यात. कोनी काय इचारत न्हाई. तुमी इचारता."

मला त्यांचं म्हणणं कळलं. बाटली मागायच्या निमित्तानं ही बाई विचारून घ्यायला एवढं ऊन तुडवत आली होती, आणि मी किल्ली नाही म्हणून तिला परत पाठवणार होते. माझे हात इतके कापायला लागले की मी ते मांडीखाली दाबून धरले. त्यांनी ते बघितलं.

"तुमाला भ्या वाटतंय का?"

ताईंनी शिकवलेलं होतं, आपलं काही त्यांच्यावर लादायचं नाही. पण खोटं बोलायची माझी त्या क्षणी तयारी नव्हती. "वाटतंय," मी म्हणाले. "लई वाटतंय."

"माज्यापायी?"

"हो."

त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या हातानं ताईंना फोन लावला, मग मालकांना. करप्याचं त्यांना काही माहीत नव्हतं. बायको गाळ्यावर आहे असं ते धरून चालले होते. गाडी घेऊन निघतो म्हणाले, आणि फोन ठेवायचा विसरून पळत सुटल्याचं मला ऐकू आलं. ताई म्हणाल्या, त्यांना घेऊन सरळ नगर गाठा, मी तिथं येते.

वहिनी भिंतीला टेकल्या होत्या. डोळे मिटलेले. मी विचारलं, काही खाणार का, पडणार का जरा. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"येक करा," त्या म्हणाल्या. "त्ये येस्तवर इचारत ऱ्हावा."

मी विचारत राहिले. मालक येईपर्यंत, नगरच्या वाटेवर गाडीत, दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून. दर वेळी तोच प्रश्न, तेच शब्द. आणि दर वेळी त्या खरं सांगायच्या, येतंय. दिवस कलला, बाकावरची माणसं उठून गेली, ताई येऊन बसल्या. मी पुन्हा विचारलं, तेव्हा वहिनी थोडा वेळ स्वतःच्या आत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्ता न्हाई."